लातूरच्या कोर्टातून संसदेच्या वृत्तांतापर्यंत

संसदेत बोललेला शब्दन्‌शब्द लिहून ठेवला जातो, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्या वृत्तांताचं एखादं पान प्रत्यक्ष उघडून वाचलं की थक्क व्हायला होतं. बोलणाऱ्याचं नाव ठळक, पुढे कंसात मतदारसंघ, मग भाषण. मध्येच कुणी आडवं बोललं तर त्याचंही नाव. सगळेच एकदम ओरडायला लागले तर कंसात एकच शब्द : व्यवधान. भाषण हिंदीत असो, इंग्रजीत असो, नाहीतर मराठीत, वाऱ्यावर जाणारं बोलणं कागदावर येऊन कायमचं बसतं, आणि शंभर वर्षांनी कुणी शोधायला गेलं तर अमुक दिवशी अमुक माणूस काय म्हणाला ते तिथे सापडणार असतं.

या वृत्तांतातला एक दिवस घेऊ : २८ डिसेंबर २०१७. एका दमात दिलेल्या तिहेरी तलाकला गुन्हा ठरवणारं विधेयक त्या दिवशी लोकसभेत मांडलं गेलं, त्यावर चर्चा झाली आणि त्याच दिवशी ते मंजूरही झालं. भाजपकडून मीनाक्षी लेखी बोलल्या, काँग्रेसकडून सुश्मिता देव बोलल्या, असदुद्दीन ओवैसींनी दुरुस्त्या सुचवल्या आणि त्या फेटाळल्या गेल्या. चर्चेचा विषय पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकच होता, मुस्लिम स्त्री. आणि त्या दिवशी लोकसभेत मुस्लिम स्त्री खासदार होत्या दोन. मौसम नूर आणि ममताज संघमिता, दोघीही पश्चिम बंगालच्या.

पुढे ते विधेयक राज्यसभेत अडलं, अध्यादेश निघाले, निवडणूक होऊन नवी लोकसभा आली. २५ जुलै २०१९ला लोकसभेने ते पुन्हा मंजूर केलं तेव्हा सभागृहात मुस्लिम स्त्रिया होत्या दोन : नुसरत जहाँ आणि सजदा अहमद. २०२५च्या एप्रिलमध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर रात्र उलटेपर्यंत चर्चा झाली, त्यातही गरीब मुस्लिम बाईच्या हक्काची भाषा होती, आणि सभागृहात मुस्लिम स्त्रिया पुन्हा दोनच : इकरा हसन आणि सजदा अहमद. मागे जाऊन १९८६ पाहिलं, शाहबानो प्रकरणानंतरचा कायदा झाला ते वर्ष, तर तेव्हा तीन होत्या : बेगम अकबर जहाँ अब्दुल्ला, बेगम आबिदा अहमद आणि मोहसिना किदवई.

चाळीस वर्षांत तीन मोठे कायदे, आणि ज्यांच्या आयुष्यावर ते बेतले त्यांच्यातल्या बायका सभागृहात दोन किंवा तीन. हे आकडे एकाखाली एक मांडले की मला एकच प्रश्न पडतो. ती स्वतः तिथे जवळजवळ नव्हतीच, तर या कायद्यांत तिचं म्हणून जे काही उतरलं, ते आलं कुठून? कारण उतरलं आहे, आणि त्यातला एक धागा थेट लातूरला जातो.

आधी आपल्या भागाकडे बघू. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत २०११च्या जनगणनेप्रमाणे मिळून सुमारे ५८ लाख माणसं. दर सात माणसांमागे साधारण एक मुस्लिम. नांदेड जिल्ह्यात बौद्ध समाजही जवळपास तेवढाच मोठा. शिवाय नांदेड म्हणजे हजूर साहिब. गुरू गोविंदसिंगांच्या अखेरच्या वास्तव्याचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली, घरात आणि बाजारात मराठी बोलणारी शीख कुटुंबं. केंद्र सरकारने १९९३ साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून पाच समाज जाहीर केले, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी; जैन त्यात २०१४ला आले. त्यातले निदान तीन समाज नांदेडच्या एकाच बाजारपेठेत एका सकाळी भेटतात.

आणि हा भाग बायकांना दिल्लीला पाठवत नाही असं अजिबात नाही. १९९१ साली नांदेडने सूर्यकांता पाटलांना लोकसभेवर पाठवलं. पुढे त्या हिंगोलीतून निवडून गेल्या आणि २००४ ते २००९ या काळात केंद्रात संसदीय कामकाज खात्याच्या राज्यमंत्री होत्या, म्हणजे सभागृहात कधी काय चर्चेला येणार याची जुळवाजुळव ज्या खात्यात होते तिथे. लातूरने तर लोकसभेला अध्यक्ष दिला. चाकूरचे शिवराज पाटील १९९१ ते १९९६ अध्यक्षपदी होते. खात्यांच्या स्थायी समित्यांची पद्धत त्यांच्याच काळात रुजली. तेच शिवराज पाटील सात वेळा निवडून आल्यावर २००४ला लातूरमध्ये हरले, ते एका बाईकडून, रूपाताई पाटील निलंगेकरांकडून. तेव्हा बाई उभी राहिली तर इथला मतदार तिला मत देतो, मोठ्या नावासमोरही देतो. अडचण मतदारापाशी सुरू होत नाही, त्याच्या फार आधी सुरू होते.

१९५२पासून आजपर्यंत लोकसभेवर निवडून गेलेल्या मुस्लिम स्त्रिया सगळ्या मिळून अठरा. एका वेळी चारांहून जास्त कधीच नव्हत्या. आसाम, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात आणि जम्मू-काश्मीर, एवढ्याच राज्यांनी त्या पाठवल्या. महाराष्ट्राने एकही नाही. दक्षिणेतल्या राज्यांनीही एकही नाही, केरळनेसुद्धा नाही. २०२४च्या निवडणुकीत महाराष्ट्रातून सात स्त्रिया निवडून गेल्या, पण राज्यातल्या ४८ जागांवर दोन्ही मोठ्या आघाड्यांनी मिळून एकाही मुस्लिम व्यक्तीला, पुरुषाला किंवा बाईला, तिकीट दिलं नव्हतं. निकाल मतपेटीत नंतर लागतो, यांचा निकाल पक्षाच्या बैठकीतच लागलेला असतो. हे मला फार खटकतं, आणि कुठल्याही एका पक्षाला त्यातून सुटका नाही.

निवडून गेल्यावरही बोलणं हातात असतंच असं नाही. कुठल्या विधेयकावर किती तास चर्चा हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. ते तास पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे मिनिटांत वाटले जातात, आणि आपल्या वाट्याच्या मिनिटांत कोण बोलणार ते पक्ष ठरवतो. मग ज्या पक्षात एकच मुस्लिम बाई आहे, तिने बोलायचं की नाही, पक्षाची भूमिका मांडायची की स्वतःच्या मोहल्ल्यातलं सांगायचं, हा सगळा हिशेब त्या पाच-सात मिनिटांत कोंबलेला असतो. शून्य प्रहर, खाजगी विधेयकं, लेखी प्रश्न अशा वाटा उरतात. अनेक खासदार खरं काम तिथेच करतात. तिकडे वृत्तपत्रांचं लक्ष क्वचित जातं.

आता लातूर.

कोर्टातल्या पोटगीच्या प्रकरणांत एक गोष्ट वर्षानुवर्षं घडत असे. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खाली पोटगी मागायला कोर्टात येई. अर्ज दाखल होई, नोटीस निघे, तारीख पडे. मग नवरा आपलं लेखी उत्तर देई, आणि त्या उत्तरात एक ओळ असे : मी हिला अमुक तारखेला तलाक दिलेला आहे. बाईने तो तलाक कधी ऐकलेलाही नसे. तिला तो कळे कोर्टात, वकिलाने उत्तराची प्रत वाचून दाखवली तेव्हा. पण ती एक ओळ मान्य झाली की सगळंच बदले. ती पत्नी राहत नसे, ती घटस्फोटिता होई. आणि १९८६च्या कायद्याचा जो अर्थ तेव्हा अनेक कोर्टांत लावला जात होता त्याप्रमाणे घटस्फोटितेला इद्दतीच्या, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या काळापुरतंच मिळे. पोटगीच्या दाव्याला उत्तर म्हणून लिहिलेला कागदच तलाकनामा ठरत होता.

लातूरच्या एका जोडप्याचं असंच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. प्रश्न एवढा महत्त्वाचा होता की तो तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाकडे सोपवला गेला. २००२च्या मे महिन्यात निकाल आला. कायद्याच्या ग्रंथांत तो दगडू पठाण खटला म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या शीर्षकात पक्षकाराच्या नावापुढे गावाचं नावही छापलेलं आहे : लातूर.

पूर्णपीठाने सांगितलं की लेखी उत्तरात 'तलाक दिला आहे' असं म्हटल्याने तलाक होत नाही. तो दिला असेल तर नवऱ्याने सिद्ध केला पाहिजे. कारण सांगितलं पाहिजे. त्याआधी दोन्हीकडच्या माणसांनी मध्यस्थी करून समेटाचा प्रयत्न केला होता हे दाखवलं पाहिजे. आणि हे सगळं न्यायमूर्तींनी बाहेरून आणलेलं नव्हतं. नवरा-बायकोत बिनसलं तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमा, असं कुराणातच सांगितलं आहे, त्या आधारावर ते उभं होतं. धर्म एकीकडे आणि बाईचा हक्क दुसरीकडे अशी जी मांडणी संसदेत तास न्‌ तास चालते, ती या निकालात कुठे दिसतच नाही. जो आधार घेऊन तिला घराबाहेर काढलं जात होतं, त्याच आधाराच्या मुळाशी जाऊन तिचा हक्क उभा केला गेला. मला या निकालाचं सगळ्यात मोठं अप्रूप याचंच वाटतं.

पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ला, सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात जवळपास हेच म्हटलं : लेखी उत्तरातला मागच्या तारखेचा तलाक मान्य नाही, तो सिद्ध व्हायला हवा. त्या निकालाने देशभरच्या कोर्टांत चित्र बदललं. आणि २२ ऑगस्ट २०१७ला शायराबानो खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तेव्हा बहुमतातल्या न्यायमूर्तींनी याच शमीम आरा निकालाचा आधार घेतला. या निकालानंतर चार महिन्यांनी लोकसभेतली ती डिसेंबरची चर्चा झाली. म्हणजे ज्या चर्चेत बोलायला दोनच मुस्लिम स्त्रिया होत्या, त्या चर्चेपर्यंतची वाट पोटगी मागायला कोर्टाची पायरी चढलेल्या बायकांनी केलेली होती. त्यात लातूरची एक बाई होती. संसदेच्या वृत्तांतात अशा बायका सहसा एका ढोबळ शब्दात येतात. कोर्टाच्या निकालपत्रात मात्र त्यांची नावं असतात, गावं असतात, लग्नाचं साल असतं, किती मुलं ते असतं, आणि त्यांनी स्वतः काय सांगितलं तेही असतं.

शाहबानोचं प्रकरण आठवलं तर हा फरक आणखी ठळक होतो. इंदूरच्या या बाईंना बासष्टाव्या वर्षी नवऱ्याने तलाक दिला होता. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि २३ एप्रिल १९८५ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत चंद्रचूड. मग लोकसभेत वादळ उठलं. निकालाच्या बाजूने सगळ्यात गाजलेलं भाषण आरिफ मोहम्मद खान यांचं, त्याला उत्तर देणारं झेड. आर. अन्सारी यांचं, आणि निकाल फिरवण्यासाठी खाजगी विधेयक आणलं होतं जी. एम. बनातवाला यांनी. तिघेही पुरुष. १९८६च्या मे महिन्यात कायदा झाला. पुढे २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात त्याच कायद्याचा अर्थ असा लावला गेला की पुढच्या आयुष्याची न्याय्य तरतूद इद्दतीच्या आतच करून द्यायची आहे. २०२४च्या जुलैमध्ये तर घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५चा रस्ताही मोकळाच असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. जो हक्क संसदेने बंद केला असं सगळ्यांना वाटलं होतं, तो कोर्टातल्या बायकांनी अडतीस वर्षांत परत मिळवला.

महाराष्ट्रात तर या बायकांनी सभागृहाच्या दाराशी स्वतः जाऊन आवाज दिल्याची नोंद आहे, आणि ती शाहबानोच्या कितीतरी आधीची आहे. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना एक नागरी कायदा द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. सात बायका. मोर्चा या शब्दाने डोळ्यांसमोर जी गर्दी येते तिच्यापुढे हा आकडा किती लहान, आणि त्या काळात त्या सात जणींना घरी आणि मोहल्ल्यात काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करून पाहा. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, आणि १९८५ला शाहबानोच्या पाठीशी उभं राहत मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा नेला. मुंबईत शहनाज शेख यांनी १९८३ सालीच सर्वोच्च न्यायालयात याचिका करून वैयक्तिक कायद्यातल्या अन्यायाला आव्हान दिलं होतं. त्यातून आवाज-ए-निस्वां ही संघटना उभी राहिली.

या सगळ्या बायका एका सुरात बोलत होत्या असं कुणी समजू नये. तिथेच संसदेतलं चित्र सगळ्यात अपुरं पडतं. २०१७च्या आसपास मुंबईतल्याच दोन गटांची मतं बघा. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने दहा राज्यांतल्या सुमारे ४,७०० स्त्रियांशी बोलून अहवाल काढला होता. त्यात ९२ टक्के स्त्रियांनी तोंडी तिहेरी तलाक बंद व्हावा असं सांगितलं होतं, आणि आंदोलनाला कायदा हवा होता. बेबाक कलेक्टिव्हचाही तिहेरी तलाकला विरोधच होता, पण नवऱ्याला तुरुंगात टाकणाऱ्या तरतुदीलाही विरोध होता. तो तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, घर कसं चालणार, आणि पोलीस ही तरतूद कशी वापरतील, हे त्यांचे प्रश्न होते. दोन्ही बाजूंना मुस्लिम बायकाच, दोघींचा अनुभव त्याच वस्त्यांतला. सभागृहात मात्र सत्ताधारी आणि विरोधक दोघेही 'मुस्लिम महिला' अशा एकाच व्यक्तीविषयी बोलत होते, आणि ती आपल्याच बाजूला आहे असं सांगत होते.

तरीही बाहेरचं बोलणं आत झिरपलंच. २०१७च्या मसुद्यात तक्रार कुणीही करू शकत होतं. २०१८च्या अध्यादेशात ते बदललं : तक्रार फक्त पत्नीने किंवा तिच्या नात्यातल्यांनी करायची, जामीन द्यायचा तर न्यायदंडाधिकाऱ्याने आधी पत्नीचं म्हणणं ऐकायचं, आणि तिची इच्छा असेल तर प्रकरण मिटवता येईल. २०१९च्या कायद्यात हे सगळं कायम राहिलं. तीन वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूदही राहिली, आणि तिच्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. पण कायद्याच्या कलमात 'पत्नीचं म्हणणं ऐकून' हे शब्द आले, ते टीकेच्या रेट्यामुळे आले. मसुदा आणि अंतिम कायदा शेजारी ठेवून वाचले की हा बदल बोट ठेवून दाखवता येतो. असं सहसा होत नाही.

लोकसभेचं दार महाराष्ट्राने उघडलं नाही, राज्यसभेचं उघडलं. नजमा हेपतुल्ला १९८०पासून महाराष्ट्रातून राज्यसभेवर चार वेळा गेल्या. १९८५ला थोडा काळ आणि मग १९८८ ते २००४ अशी सलग वर्षं त्या उपसभापती होत्या. देशाच्या वरिष्ठ सभागृहाचं कामकाज इतकी वर्षं एका मुस्लिम बाईने चालवलं. कुणी बोलायचं, किती वेळ, कुणाचा शब्द वृत्तांतातून काढायचा, हे त्या खुर्चीवरून ठरत होतं. आणि २०२० साली राज्यसभेवर बिनविरोध गेलेल्या फौजिया खान तर आपल्या शेजारच्या परभणीच्या. त्याआधी त्या विधान परिषदेत होत्या आणि राज्यात राज्यमंत्रीही होत्या. नांदेडहून रेल्वेने तासा-दीड तासावर असलेल्या गावातली बाई राज्यसभेत बोलली, ही या भागातल्या मुलींना सांगण्यासारखी गोष्ट आहे. पण राज्यसभेवर पाठवतात आमदार, म्हणजे शेवटी पक्षच. मत मागत फिरणं, प्रभागाची, तालुक्याची, जिल्ह्याची गणितं सोडवत दिल्लीला पोचणं, ही वाट अजून कुणा मुस्लिम बाईने महाराष्ट्रात पार केलेली नाही.

खरं तर मराठवाड्याच्या इतिहासात तशी वाट एकदा दिसलेली आहे. १९५६पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. नांदेड होतं, उस्मानाबाद जिल्ह्यातला लातूर तालुका होता. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेवर शालीबंडा मतदारसंघातून मासुमा बेगम निवडून आल्या, पुढे आंध्र प्रदेशात मंत्री झाल्या. नांदेडचे आमदार ज्या सभागृहात बसत होते त्याच सभागृहात त्या बसत होत्या. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या व्यवस्थापनाचा १९५६चा कायदाही त्याच विधानसभेचा. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरला राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा इकडे आला, मासुमा बेगम तिकडे राहिल्या.

आणि मूळ प्रश्न तर त्याच्याही मागचा आहे. अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा असाव्यात की नसाव्यात, यावर घटना समितीत वाद झाला तेव्हा समितीत मुस्लिम स्त्री एकच होती, बेगम ऐजाज रसूल. त्यांनी राखीव जागांच्या विरोधात भूमिका घेतली. राखीव जागांनी अल्पसंख्याक बहुसंख्याकांपासून कायमचे वेगळे पडतील, असं त्यांचं म्हणणं. फाळणी नुकतीच झालेली, जखम ओली, आणि समितीतल्या त्या एकट्या बाईने हा धीट युक्तिवाद केला. १९४९च्या मे महिन्यात धर्मावर आधारित राखीव जागा गेल्या. त्यांचा विश्वास असा होता की पक्ष आणि मतदार आपण होऊन अल्पसंख्याकांना निवडून देतील. पुरुषांच्या बाबतीत तो थोडाफार खरा ठरला. बायकांच्या बाबतीत अठरा या आकड्यावर तो थांबला. त्यांची भूमिका चूक होती असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी ज्यांच्या भरवशावर ती घेतली, त्यांनी तो भरवसा पाळला नाही.

२० सप्टेंबर २०२३ला लोकसभेत महिला आरक्षण विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातली दोन मतं एमआयएमची होती, एक ओवैसींचं आणि दुसरं मराठवाड्यातलं, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं. ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप. त्या मतावर टीका खूप झाली. पण आपल्याकडची परिस्थिती पाहिली तर त्यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे.

लातूर लोकसभा मतदारसंघ २००९पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. नव्या कायद्यात अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी एक तृतीयांश त्या जातींमधल्या स्त्रियांना मिळणार आहेत. १९९०च्या दुरुस्तीपासून बौद्धांना अनुसूचित जातींचे लाभ मिळतात, तेव्हा लातूरच्या एखाद्या बौद्ध बाईला या दाराने संसदेत जाता येईल. एका अल्पसंख्याक स्त्रीसाठी कायद्यानेच वाट केली आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मुस्लिम बाईसाठी अशी वाट नाही, तिने सर्वसाधारण महिला जागेवर तिकीट मिळवायचं आहे, म्हणजे पुन्हा पक्षाच्या त्याच बैठकीत.

खाली मात्र तिला वाट आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत, आणि त्याबरोबर ओबीसी प्रवर्गही आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी १९७८पासून मुस्लिम ओबीसींची चळवळ चालवली, आणि राज्याने मुस्लिमांमधल्या अनेक व्यावसायिक जातींना ओबीसी म्हणून मान्यता दिली. त्यामुळे नांदेड-वाघाळा महापालिकेत किंवा लातूर महापालिकेत ओबीसी महिला प्रभाग निघाला की अन्सारी, कुरेशी, बागवान, तांबोळी, मणियार घरातल्या बाईला तिथे कायद्याच्या जोरावर उभं राहता येतं. धर्माच्या नावाने राखीव जागा नाही, जातीच्या आणि स्त्रीत्वाच्या नावाने आहे, आणि घटनेच्या चौकटीत ती नीट बसते. पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, शाळेची भिंत, यांवर सभागृहात उठून बोलायची सवय तिला इथे लागते. आयुक्तांना लेखी प्रश्न विचारणं, ठराव मांडणं, सभेच्या इतिवृत्तात आपलं म्हणणं नोंदवून घेणं, हे सगळं संसदेतल्या कामाचंच लहान रूप आहे.

महिला आरक्षणाच्या १०६व्या घटनादुरुस्तीत ओबीसी स्त्रियांसाठी असा वाटा नाही, कारण लोकसभेत ओबीसींसाठी राखीव जागाच नाहीत. महापालिकेत दहा वर्षं काढलेली नांदेडची नगरसेविका संसदेकडे वळते तेव्हा तिची पायरी तिथे तुटते. हे आरक्षण २०२३च्या मजकुराप्रमाणे पुढच्या जनगणनेनंतरच्या मतदारसंघ फेररचनेशी जोडलेलं आहे, आणि राखीव मतदारसंघ प्रत्येक फेररचनेनंतर बदलत जाणार आहेत. ओबीसी स्त्रियांचा वाटा त्यात घालायचा तर आणखी एक घटनादुरुस्ती लागेल, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतील, आणि त्या चर्चेत जी भाषणं होतील ती वृत्तांतात नाव आणि मतदारसंघासह उतरतील. पक्षांना मात्र यातल्या कशासाठीही थांबायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एका जागेवर एका मुस्लिम बाईला तिकीट द्यायला आजही कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही.